शुक्रवारी तलवार मिळत नाही

२००६ सालच्या जून महिन्यात मी सत्तर वर्षांची झाले आणि लगोलग मला नोकरी लागली. मी अर्ज केला नव्हता. मला नोकरी नको होती. इथे तमिळ मुलखात, मैलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून मी १९९४ साली सुखानं घरी बसले होते. त्या चौतिसातली सव्वीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक माझ्या हातचं होतं. अठ्ठेचाळीस शिक्षिका, बत्तीस वर्ग, एकच प्रयोगशाळा, आणि एकदाही दोन बाया एका वर्गाच्या दारात एकमेकींवर आदळल्या नाहीत. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचा सगळा सत्यानाश याच गुणामुळे झाला, म्हणून सांगून ठेवते.

माझा धाकटा भाऊ अरुण नाशिकला असतो. त्याची मुलगी तनया त्या वेळी माझ्याकडे राहून पेरुंगुडीच्या एका कंपनीत जात होती. पेरुंगुडी म्हणजे माझ्या आठवणीत पाणथळ. पासष्ट साली आम्ही शिक्षिका तिथे पक्षी पाहायला गेलो होतो आणि कनका टीचरची चप्पल चिखलात कायमची राहिली. आता त्या चिखलावर काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर तनया आणि तिचे सहकारी युरोपातल्या कुणासाठी व्हिडिओ गेम बनवत होते. तनया वर्षभर कच्च्या नोकरीवर होती. अरुणनं तिला बजावलं होतं की वर्षाअखेर नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा, नाशिकला यायचं आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं. नोकरी पक्की होणं एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. सप्टेंबरात युरोपचे साहेब येणार होते आणि तनयाकडे सोपवलेलं गाव बघणार होते. गाव पसंत पडलं तर तनया राहणार.

"गाव म्हणजे?" मी विचारलं.

"गेममधलं गाव गं, आत्या. डोंगर, धुकं, दगडी घरं. त्रेचाळीस माणसं. त्यांनी दिवसभर काय करायचं ते मी ठरवायचं. चार महिने झाले, सगळी नुसती उभी आहेत."

मला दया आली. मुलीची, आणि त्या त्रेचाळीस जणांचीही. मी म्हटलं, दाखव.

तिनं तिच्या लॅपटॉपवर दाखवलं. एक नायक होता, दंड फुगलेला, पाठीवर कातडी पिशवी. त्याला त्या जगात कुठंही जाता येत होतं. विहिरीवर एक म्हातारी उभी होती. नायक जवळ गेल्यावर ती इंग्रजीत म्हणाली, "बाळा, माझा म्हातारा गुहेत अडकलाय. राक्षस दाराशी बसलाय. लवकर जा रे, उद्याचा दिवस निघायचा नाही त्याचा."

मी पदर सावरून बसले. म्हटलं, "जा की मग!"

"हो, पण आधी गंमत बघ," असं म्हणून तनयानं नायकाला नदीवर नेलं. त्यानं मासे धरले. मग तो दुसऱ्या गावी गेला, घोडा घेतला, एक घर बांधलं. मग एका झाडाखाली बसून त्यानं 'थांबा' नावाचं बटण दाबलं आणि सूर्य-चंद्र पंख्याच्या पात्यांसारखे गरागरा फिरले. "दोनशे दिवस झाले," तनया म्हणाली आणि त्याला परत विहिरीवर आणलं.

म्हातारी तिथंच उभी. "बाळा, माझा म्हातारा गुहेत अडकलाय. लवकर जा रे, उद्याचा दिवस निघायचा नाही त्याचा."

"आणि म्हातारा?"

"असतो ना जिवंत. नायक जाईपर्यंत कुणाला काही होत नाही. सगळ्या गेममध्ये असंच असतं, आत्या. दिवस-रात्र होतात, पण वेळ जात नाही. वेळ नायकासाठी थांबते."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. लोकांना वाटेल की म्हातारी बाई गेमवर कशाला चिडते. तर सांगते, आणि एकदाच सांगते.

१९९९ च्या फेब्रुवारीत माझे यजमान, राघोत्तमराव, अड्यारच्या दवाखान्यात होते. आमचा मुलगा रत्नाकर अमेरिकेत. त्या वर्षी जगातले सगळे कॉम्प्युटर २००० साल उजाडताच बंद पडणार होते म्हणे, आणि ते वाचवणाऱ्यांत आमचा रत्नाकर होता. तो फोनवर म्हणाला, "आई, बाबांना सांग, जरा थांबा. एवढं काम संपलं की पहिल्या विमानानं निघतो." मी निरोप दिला. राघोत्तमराव जन्मभर सगळ्यांसाठी थांबत आले होते, बससाठी, बायकोसाठी, बढतीसाठी. या एकदाच नाही थांबले. रत्नाकर अकराव्या दिवशी आला. कॉम्प्युटर मात्र वाचले.

तेव्हा 'वेळ नायकासाठी थांबते' हे वाक्य माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून कुणी बोलू नये.

"दे इकडे तुझं गाव," मी म्हटलं. "मी लावते त्यांना वळण."

म्हणजे बघा, मी फक्त एका विहिरीवरच्या म्हातारीचा दिवस लिहून देणार होते. पानभर मजकूर. पण म्हातारी पहाटे पाण्याला जाणार, तर तिच्याआधी कुणीतरी दोर सोडलेला हवा. दोर सोडणारा उठणार, तर त्याला कॉफी कोण देणार? कॉफीला दूध, दुधाला गवळी, गवळ्याला गाय. आठवड्याभरात माझ्या भिंतीवर चार ड्रॉइंग पेपर टाचलेले होते. उभ्या रकान्यात त्रेचाळीस माणसं, आडव्या ओळीत चोवीस तास, सात दिवसांचे सात रंग. बारा वर्षांनी हातात पट्टी धरली आणि खरं सांगते, बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून विशालाक्षी मामी आल्या तेव्हा संपलं. चाळीस वर्षांचा शेजार, पण त्या माझ्याकडे साखर मागायलाही चूक काढल्याशिवाय येत नाहीत. आमचं बोलणं तमिळमध्ये चालतं. मी मराठीत देते आहे.

मामींनी चष्मा कपाळावर चढवून भिंत वाचली. "टीचरम्मा, हा लोहार सोमवारी किती वाजता भट्टी पेटवतो?"

"साडेसातला."

"अय्यय्यो! सोमवारी साडेसात ते नऊ राहूकाळ. भट्टी पेटवतो? घरादाराला आग लावायचीय त्याला?"

"मामी, ते युरोपचं गाव आहे."

"म्हणजे तिथे राहू नाही? वरती आकाश नाही?"

आकाश नाही असं भूगोलाची शिक्षिका कशी म्हणणार? शिवाय मी अठ्ठावन्न साली लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून राहूकाळात मी स्वतः कधी गॅसचं नवं सिलिंडरसुद्धा लावलेलं नाही. सासूबाईंनी, सईबाईंनी, पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरवरचा तो अशुभ दीड तासाचा चौकोन बोट ठेवून दाखवला होता. सासर तंजावरच्या मराठ्यांचं. तीनशे वर्षं इथे राहून त्यांनी मराठी जपली होती, पण घड्याळ तमिळ करून टाकलं होतं. माझ्या शाळेच्या वेळापत्रकातही मंगळवारचा शेवटचा तास मी नेहमी उजळणीचा ठेवायची. मंगळवारी तीन ते साडेचार राहूकाळ. नवा धडा तेव्हा कोण सुरू करणार?

तर मी आठवा रंग काढला आणि राहूकाळ भरला. मग मामी म्हणाल्या, यमगंडमही भरा, तो यमाचा अशुभ दीड तास. तोही भरला. मग शुक्रवारी दिवेलागणीनंतर घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, द्यायचं नाही. आणि गेम सुरू होतो तो वार कुठला? "शुक्रवारच असू द्या," मामी म्हणाल्या, "चांगला दिवस."

वरच्या मजल्यावरचे कृष्णस्वामी सार, इकडे 'सर'चं 'सार' होतं, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना हिशेब करायला काही मिळत नव्हतं. त्यांनी तनयाला विचारून घेतलं की गेममधला दिवस आपल्या चोवीस मिनिटांचा. "म्हणजे एक तास एक मिनिट! राहूकाळ नव्वद सेकंद!" ते उजळले. मग पाठकोऱ्या पाकिटावर त्यांनी गणित केलं. "माणूस हा गेम शंभर तास खेळला, तर आतमध्ये दोनशे पन्नास दिवस होतात. या दोनशे पन्नास दिवसांत नायक आंघोळ किती वेळा करतो?"

"करत नाही, अंकल," तनया म्हणाली.

कृष्णस्वामी सारांनी पेन खिशात ठेवलं. "मग राक्षसाला मारायला तलवारीची गरज काय?" एवढं बोलून ते गेले. पण दुसऱ्या दिवशी परत आले, कारण दुपारच्या जेवणानंतर लोहारानं एक तास तरी पडलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं आणि ते रात्रभर त्यांना छळत होतं.

शेवटचा चौकोन मी कुणाला न विचारता भरला. म्हातारीच्या नवऱ्याच्या रांगेत, तिसऱ्या दिवसाच्या दिवेलागणीला, मी पेन्सिलनं फुली मारली. कुणी तोवर गुहेत पोचलं नाही, तर म्हातारा जातो. म्हातारी विहिरीवरून घरी येते आणि चूल विझवते. बस्स.

तनयानं त्या फुलीकडे बराच वेळ पाहिलं. तिला रत्नाकरची गोष्ट माहीत होती. तिनं ती बाकीच्या चौकोनांसारखीच गेममध्ये भरून टाकली.

इथपर्यंत सगळं घरच्या घरात होतं. पण तिचे वरचे साहेब रघुराम यांनी ती भिंत फोटोत पाहिली आणि ते हरखले. त्यांनी मला सल्लागार म्हणून नेमलं. नेमलं म्हणजे नेमायचं ठरवलं. नेमणूक करणारं खातं वेगळं होतं, आणि त्या खात्यात तेवीस वर्षांची एक मुलगी होती जिला हसताना मी एकदाही पाहिलं नाही.

मी मैलापूरहून उन्नत रेल्वेनं तिरुवान्मियूर, तिथून रिक्षानं पेरुंगुडी अशी पोचले. दारावरच्या पहारेकऱ्यानं माझी पर्स उघडून अडकित्ता बाहेर काढला आणि तो टेबलावर, मी जणू दरोडा घालायला आले होते अशा रीतीनं, वेगळा ठेवला. मग त्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला.

"मॅडम, आधीच्या कंपनीनं सोडल्याचं पत्र?"

"शाळा होती. बारा वर्षांपूर्वी सोडली."

"मग पत्र असेलच."

"मी निवृत्त झाले. त्यांनी हार घातला आणि चांदीचा समई-जोड दिला."

"समई चालणार नाही, मॅडम. पत्र लागेल. आणि इथे लिहा, दोन नोकऱ्यांमध्ये बारा वर्षांचा खंड का पडला."

मी लिहिलं: 'म्हातारपण.' तिनं ते वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. पुढचा रकाना होता, 'पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?' तो मी कोरा सोडला. काही प्रश्नांची उत्तरं समोरच्याच्या वयाकडे बघून देऊ नयेत.

पत्रासाठी शाळेत तीनदा गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की ९४ सालचं दप्तर वाळवीनं खाल्लं आहे, पण वाळवीनं खाल्ल्याचा दाखला ते देऊ शकतील. तो दाखला मी पेरुंगुडीला नेऊन दिला. त्यावर मला 'तात्पुरती अभ्यागत' असा बिल्ला मिळाला आणि तो मी तीन महिने गळ्यात घालून फिरले. सत्तराव्या वर्षी ज्या गावाची मी विधात्री होते, त्या गावाच्या दारात मी पाहुणी!

सप्टेंबर आला. रघुरामनी साहेबांना गाव दाखवायची वेळ स्वतः कॅलेंडर पाहून ठरवली: बुधवार, सकाळी साडेनऊ. यमगंडम नऊला संपतो, राहूकाळ बाराला लागतो. सगळं बिनधोक. कुणाच्याही, माझ्याही, डोक्यात आलं नाही की बाहेरचं घड्याळ पाहून भागत नाही. आतही एक घड्याळ चालू असतं आणि ते मी लावलेलं आहे.

"तुम्ही कुणी हे सुरुवातीपासून खेळून पाहिलं होतं का?" असं मी नंतर विचारलं. नव्हतं. तपासणारी मुलं वेळ वाचवायला नायकाच्या हातात आधीच तलवार देऊन सुरुवात करायची.

युरोपचे तीन पाहुणे आले, दोन पुरुष, एक बाई. त्यांच्यातले मोठे साहेब साठीचे, उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलायला सौम्य. मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. तनया भिंतीला टेकून उभी. तिच्या हातातला रुमाल मी लांबून पाहत होते. त्याची गोळी झाली होती.

साहेबांनी नायकाला चालवायला सुरुवात केली. गेममधला शुक्रवार, सकाळचे सहा. धुक्यातून दगडी घरं दिसली. प्रत्येक घरापुढे निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या बाया वाकून ठिपक्यांची रांगोळी घालत होत्या. पाहुणीबाई "ओऽह" म्हणाली. एका खिडकीत कॉफी वर-खाली ओतून थंड केली जात होती. साहेब थांबले, हसले, परत बघितलं. गवळी, गाय, देवळाची घंटा, सगळं ठरल्या मिनिटाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार मिनिटं साहेब नुसतं बघत फिरले. चार मिनिटं म्हणजे चार तास. मग विहिरीवर म्हातारीनं त्यांना गाठलं आणि तलवार घ्यायला लोहाराकडे पाठवलं.

साडेदहा वाजले होते. शुक्रवार. साडेदहा ते बारा.

लोहारानं हातोडा खाली ठेवला, हात पुसले आणि ओट्यावर बसला. "आत्ता नाही. बारानंतर या."

साहेबांनी रघुरामकडे पाहिलं. रघुराम माझ्याकडे. मी छताकडे.

साहेबांनी 'थांबा' दाबलं. बारा वाजले. लोहार जेवायला गेला. जेवून तो कृष्णस्वामी सारांच्या मताप्रमाणे आडवा झाला. तीनला उठला, पण शुक्रवारी तीन ते साडेचार यमगंडम. साडेचारला कॉफी. पाचला चौकात गप्पा. साडेपाचला मात्र त्यानं तलवार खुंटीवरून काढली. खोलीतले सगळे पुढे सरकले. तो धार लावायला लागला. खर्र, खर्र, खर्र. सहा वाजले. गावात दिवे लागले. लोहारानं तलवार परत खुंटीला लावली.

"शुक्रवारी दिवा लागल्यावर घरातली वस्तू देत नाही."

"का?" मोठ्या साहेबांनी विचारलं. लोहाराला नव्हे, खोलीला.

रघुराम सांगायला लागले आणि लक्ष्मीपर्यंत पोचून अडकले.

साहेबांनी पुन्हा 'थांबा' दाबलं. शनिवार उजाडला. लोहार म्हणाला, "आज लोखंड नाही." रविवार उजाडला. लोहाराच्या दाराला कुलूप. शाळेच्या सवयीनं मी सगळ्या गावाला रविवारची सुट्टी दिली होती आणि तो कुटुंबासकट सासुरवाडीला गेला होता. साहेब रिकाम्या हातानं नायकाला गावभर फिरवत राहिले. सगळे त्याला बघून हसत, वाकून नमस्कार करत, आणि कुणी काही देत नसे. असं गाव मी चौतीस वर्षं पाहिलं होतं. त्याला शाळेचं कार्यालय म्हणत.

मग रविवारची दिवेलागण झाली.

म्हातारी विहिरीवरून वळली. कुणाकडे न बघता घरी आली. चुलीपुढे बसली आणि तिनं लाकडं मागे ओढून त्यांवर पाणी शिंपडलं. धूर निघाला. बाकी काही नाही.

"हा बिघाड आहे का?" पाहुणीबाईनं हळूच विचारलं.

"नाही," तनया म्हणाली. "त्यांचा नवरा गेला. आपल्याला उशीर झाला."

दहा मिनिटं तिन्ही पाहुणे आपापसात त्यांच्या भाषेत बोलले. मग मोठ्या साहेबांनी निकाल दिला. रांगोळी ठेवा. कॉफी ठेवा. लोहाराची झोप ठेवा. तो राहूचा वेळ तर अफलातून आहे, असं गाव त्यांनी कुठल्याच गेममध्ये पाहिलं नव्हतं. फक्त आठवड्यातून एखादा दिवस तलवार मिळेल असं बघा. "पण म्हातारा मरता कामा नये. खेळणाऱ्याला वाट पाहायला लावा, हरकत नाही. त्याला उशीर झाला असं मात्र कधी वाटू देऊ नका."

मी उभी राहिले. तात्पुरती अभ्यागत. माझं इंग्रजी शाळेचं, पण रागात ते चांगलं चालतं. "सगळं गाव ठेवलंत आणि ज्याच्यासाठी ते गाव चालतं तेच काढलंत," मी म्हटलं. "माणूस जाणार नसेल तर पहाटे उठायचं कशाला? मग ते वेळापत्रक कशाचं? भिंतीवरचं चित्र आहे ते."

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, बाहेर सगळ्यांनाच उशीर झालेला असतो. म्हणून तर लोक आत येतात."

या माणसाला उद्धट म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तो उद्धट नव्हता. त्याचाच मला राग अजून जास्त आला.

संताप तिथे संपला नाही. कुठलाही बदल करायचा तर ज्यानं वेळापत्रक केलं त्याची सही लागते, असा त्यांच्या करारात नियम होता. संध्याकाळी ती न हसणारी मुलगी फॉर्म घेऊन आली. 'बदलाचा तपशील: म्हातारा, तिसरा दिवस, मृत्यू रद्द. बदलाचं कारण:' आणि पुढे टिंबटिंब. एक पान आणि एक सही, की मेलेला माणूस जिवंत. ९९ साली राघोत्तमराव खरंच गेले हे कागदावर सिद्ध करायला मला चार हेलपाटे आणि दोन साक्षीदार लागले होते.

मी म्हटलं, सही करणार नाही.

सही नाही तर गाव पसंत नाही, हे तनयाला माहीत होतं. घरी येईपर्यंत गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर अरुणचा फोन आला. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काय म्हणाले साहेब? होतंय का पक्कं, की फॉर्म आणून ठेवू बँकेचा?" ती म्हणाली, "आणून ठेवा, बाबा." आणि भिंतीकडे गेली. एकेक टाचणी काढून तिनं ते ड्रॉइंग पेपर गुंडाळायला घेतले, अगदी जपून, कोपरे न दुमडता.

खालून विशालाक्षी मामी वर आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "टीचरम्मा, तुमचे यजमान त्या सहीनं परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग न केल्यानं?"

चाळीस वर्षांत मामींनी माझी जी जी चूक काढली, त्यात ही एकच मला मान्य करावी लागली, आणि म्हणून ती मी त्यांना अजून माफ केलेली नाही. मी तनयाच्या हातातून तो कागद घेतला आणि खोडरबरानं फुली पुसली. पेन्सिल जोरात दाबलेली होती, खूण राहिली. फॉर्मवर कारण लिहिलं: 'गिऱ्हाईक नायक आहे.' सही केली. तारीख घातली. वेळ नाही घातली.

तर पुढे सगळ्यांचं काय झालं ते सांगून टाकते.

तनयाची नोकरी डिसेंबरात पक्की झाली. आज ती बंगळुरात स्वतः बारा जणांवर देखरेख करते आणि लोकांना वेळेवर घरी पाठवते म्हणे. स्वतः जात नाही. अरुणनं तो बँकेचा फॉर्म अजून कपाटात ठेवला आहे. रघुराम दुसऱ्या कंपनीत गेले, तिथे त्यांनी शर्यतीच्या गाड्यांचा गेम केला. त्यात राहूकाळ बसवता आला नाही याची त्यांना खंत आहे. ती न हसणारी मुलगी मला एकदा देवळात भेटली, नवरीच्या वेशात, आणि चक्क हसली. कृष्णस्वामी सार २००९ साली गेले, दुपारी जेवून आडवे झाल्यावर, त्यांच्याच मताप्रमाणे. विशालाक्षी मामी आहेत. परवा साखर मागायला आल्या होत्या आणि माझा डबा ओला आहे असं सांगून गेल्या.

गेम २००७ च्या ऑक्टोबरात बाहेर आला. शेवटी जी नावं येतात त्यात माझंही आलं, स्पेलिंग चुकवून. बिल्ला मी परत केला. अडकित्ता मात्र त्यांच्याकडेच राहिला.

नोव्हेंबरात एका रविवारी रत्नाकरचा फोन आला. आमचं बोलणं तेव्हा औषधं आणि हवामान यांच्यापलीकडे जात नसे.

"आई, तुझा गेम घेतला. तनयानं सांगितलं होतं. मी पहिल्याच दिवशी गुहेत गेलो."

"तलवार कशी मिळाली? शुक्रवार असतो."

"नाही मिळाली. तसाच गेलो."

"नुसत्या हातांनी?"

"हो."

"अरे, कधीही गेलास तरी तो म्हातारा जिवंतच असतो आता. बदललं ते त्यांनी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी गेलो. राक्षसानं अकरा वेळा मारलं मला. बाराव्या वेळी पोचलो."

अकरा. त्याच्या बापाला एकदाच मरता आलं होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं. आठ वर्षांत पहिल्यांदा गिळलं.

"आई, डिसेंबरात येतो मी. हे काम संपलं की लगेच..."

"काम संपलं की नको," मी म्हटलं. "तारीख सांग."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला, बराच वेळ. मग त्यानं तारीख सांगितली, विमानाचा क्रमांक सांगितला, आणि उतरायची वेळ सांगितली. मी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला गेले. मंगळवार. दुपारी साडेतीन.

मामी मागे उभ्या होत्याच. त्यांनी राहूकाळाचा तो चौकोन पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"मामी," मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नका."